व्होल्ट आणि अँपिअरवरून रोध आणि वॅट कसे काढावेत: घरच्या रॉडपासून वावरातल्या मोटरपंपापर्यंत

हिवाळ्यात विदर्भातल्या गावांत दोन तक्रारी एकाच सुमाराला ऐकू येतात. घरी रॉड टाकून अर्धा तास झाला तरी बादलीतलं पाणी कोमटच असतं. तिकडे हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री वावरात गेलेल्या कास्तकाराची मोटर तापते आणि स्टार्टर सारखा पडतो. दोन्हींमागे बहुतेक वेळा कारण एकच असतं: ओलिताच्या दिवसांत लोड वाढून पडलेलं व्होल्टेज. पण व्होल्टेज पडलं की रॉडचा करंट कमी होतो आणि मोटरचा वाढतो. म्हणून रॉड नुसता मंदावतो, मोटर मात्र जळते. हे डोळ्यांना दिसत नाही, मीटरचे दोन आकडे घेतले की दिसतं. ते आकडे कसे घ्यायचे, त्यांवरून रोध (रेझिस्टन्स) आणि वॅट कसे काढायचे आणि हे गणित कुठे चुकतं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

गणित एवढंच

व्होल्ट ÷ अँपिअर = ओहम
व्होल्ट × अँपिअर = वॅट

पहिला संबंध जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडला. दोन्ही एकत्र केले की आणखी दोन सूत्रं निघतात:

अँपिअर × अँपिअर × ओहम = वॅट
व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम = वॅट

कुठलं कुठे वापरायचं हे एकदा पक्कं करा. तार, जोड, स्विच यांत किती वीज उष्णता होऊन वाया जाते ते अँपिअरच्या वर्गाच्या सूत्राने काढा, कारण तारेतून जाणारा करंट आपल्याला मोजता येतो. रॉड, शेगडी, इस्त्री यांना व्होल्टच्या वर्गाचं सूत्र लावा, कारण त्यांचा रोध जवळपास ठरलेला असतो.

मीटर आणि हात

४१५ व्होल्टच्या थ्री-फेजवर काम करायचं तर ६०० व्होल्ट, कॅट तीन (मीटरचा सुरक्षा वर्ग) असं छापलेला मल्टिमीटर घ्या. करंटसाठी क्लॅम्प मीटर लागतो, ज्याला आपल्याकडे टाँग टेस्टर म्हणतात. त्याच्या जबड्यात एकच तार घ्यायची. पूर्ण केबल घेतली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. नवीन माणूस हमखास इथेच अडकतो.

दुसरी चूक जीवघेणी आहे. मल्टिमीटरवर करंट मोजण्यासाठी लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली, नंतर ती काढायची राहिली आणि तशीच फेजवर व्होल्टेज बघायला टेकवली, तर तो सरळ शॉर्टसर्किट असतो. १० अँपिअरच्या भोकाला आतला रोध जवळजवळ नसतोच, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या वाटेला फ्यूजही नसतो. मीटर हातात फुटतो. करंट मोजून झाला की पहिलं काम म्हणून लाल वायर व्होल्टच्या भोकात परत घाला.

वावरात माती ओली असते. कोरड्या फळीवर उभे राहा, पायात रबरी बूट ठेवा, शक्य तिथे एकाच हाताने मोजा. डीपीला (ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीला) हात लावू नका. तिथलं काम लाइनमनचंच.

रॉडवर पहिला हात बसवा

मोटरकडे जाण्याआधी रॉडवर सराव करा, कारण इथे सूत्र सरळ लागू पडतं. त्यासाठी एक छोटी जोडवायर तयार ठेवा: एक मीटर तीन-कोअर (आत तीन वेगळ्या तारा असलेली) वायर, एका टोकाला १६ अँपिअरची पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट. मधल्या वीतभर भागात वरचं आवरण लांबीच्या बाजूने कापून फेजची एकटी तार बाहेर ओढून घ्या. तारेचं स्वतःचं इन्सुलेशन कापलं जाऊ देऊ नका. टाँग टेस्टर याच तारेला लावायचा. एलईडी दिव्यासारखा अगदी कमी करंट मोजायचा असेल तर तार थोडी लांब ठेवून तिचे दहा वेढे जबड्यातून घ्या आणि आकड्याला १० ने भागा.

१. रॉड पाण्यात बुडवा, मगच स्विच चालू करा.
२. सॉकेटवर चालू लोडचं व्होल्टेज बघा. समजा २२८ आलं.
३. त्याच क्षणी करंट बघा. समजा ६.४६ अँपिअर.
४. २२८ ÷ ६.४६ = ३५.३ ओहम. हा रॉडचा रोध.
५. २२८ × ६.४६ = १४७३ वॅट. रॉडवर १५०० लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टसाठी, म्हणजे हिशेब जुळला.

आता व्होल्टेज १८० वर आलं असं धरा. रोध तोच, म्हणून १८० × १८० ÷ ३५.३ = ९१८ वॅट. व्होल्टेज पाचव्या हिश्शाने पडलं, पण वॅट थेट १४७३ वरून ९१८ वर उतरले. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे १५,७०,००० ज्यूल लागतात. १४७३ वॅटने ते काम पावणेअठरा मिनिटांत होतं, ९१८ वॅटने साडेअठ्ठावीस मिनिटं लागतात. हवेत जाणारी उष्णता वेगळीच. रॉड बिघडलेला नाही, नवा आणून उपयोग नाही.

रॉड थंड आणि सुटा असताना मल्टिमीटरच्या ओहम रेंजवरही बघा. ३५ च्या जवळपासच आकडा येईल, कारण आतली नायक्रोम तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. पिवळ्या बल्बचं तसं नाही. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो, विझलेला मोजला तर ४० च्या आसपास दाखवतो. थंड रोधावरून बल्बचे वॅट काढले तर हजारच्या वर जातील. म्हणून सवय अशी ठेवा: वस्तू ज्या अवस्थेत काम करते त्या अवस्थेतलेच व्होल्ट आणि अँपिअर घ्या.

व्होल्टेज बाहेरून कमी येतं की घरात जातं?

लोकांना खरं हवं असतं ते हे उत्तर, आणि त्यासाठी तोच रॉड पुरतो.

सॉकेटवर रॉड बंद असताना व्होल्टेज बघा: समजा २३०. रॉड चालू करून पुन्हा बघा: २१५, करंट ६.०९. म्हणजे १५ व्होल्ट वाटेत गेले. १५ ÷ ६.०९ = २.४६ ओहम, हा तुमच्या सॉकेटपासून डीपीपर्यंतच्या सगळ्या वाटेचा रोध. त्या वाटेवर १५ × ६.०९ = ९१ वॅट नुसते तापण्यात जात आहेत.

आता घरातल्या मेन स्विचवर हेच दोन आकडे घ्या, रॉड बंद आणि रॉड चालू. तिथे फक्त २ व्होल्ट पडत असतील तर उरलेले १३ व्होल्ट तुमच्याच भिंतीत जात आहेत: बारीक वायरिंग, सैल जोड, जळका स्विच. तिथेही १३ पडत असतील तर दोष सर्व्हिस वायर, खांबावरचा जोड किंवा त्यापलीकडे आहे. मग तक्रार करताना "लाइन कमी येते" एवढंच न म्हणता चारही आकडे लिहून द्या. शेजाऱ्याचं लोड मध्येच चालू-बंद झालं तर आकडे फसवतात, म्हणून हा प्रयोग लागोपाठ तीनदा करा.

टाँग टेस्टर नसेल तर घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवरून वॅट काढता येतात. मीटरवर "३२०० इम्पल्स प्रति युनिट" असा काहीतरी आकडा छापलेला असतो. बाकी सगळं बंद ठेवून लाल दिव्याच्या १० लुकलुकी मोजायला किती सेकंद लागतात ते बघा. पहिली लुकलुक शून्य धरायची. ३२०० च्या मीटरवर १० लुकलुकींना ७.५ सेकंद लागले तर १० × ३६,००,००० ÷ (३२०० × ७.५) = १५०० वॅट. आपल्या मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर तो घाला. या रीतीत पॉवर फॅक्टर (व्होल्ट × अँपिअरपैकी खरोखर वॅट होणारा हिस्सा) आपोआप धरला जातो, त्यामुळे कूलर, फ्रिज, घरची एक एचपीची सबमर्सिबल यांच्यासाठी व्होल्ट × अँपिअरपेक्षा हीच रीत खरी.

मोटरला भागाकार लागू पडत नाही

५ एचपीच्या थ्री-फेज सबमर्सिबलवर समजा फेज-फेज व्होल्टेज ३५२, ३४८, ३५६ आलं आणि करंट ९.४, ९.८, ९.२. सरासरी ३५२ व्होल्ट आणि ९.४७ अँपिअर. आता ३५२ ला ९.४७ ने भागलं तर ३७ येतात, पण हा मोटरचा रोध नाही. वाइंडिंगचा खरा रोध दोन-तीन ओहमच असतो. तो एकटाच असता तर मोटरने शंभरावर अँपिअर ओढले असते. फिरणारं चुंबकत्व वाइंडिंगमध्ये उलटं व्होल्टेज तयार करतं आणि करंट आवरून धरतं. मोटर जाम झाली की ते उलटं व्होल्टेज उरत नाही आणि करंट पाच-सहा पट होतो.

वॅटसाठी थ्री-फेजचा हिशेब असा:

१.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर = घेतलेले वॅट

पॉवर फॅक्टर मोटरच्या प्लेटवर असेल तो घ्या, नसेल तर ०.८ धरा. १.७३२ × ३५२ × ९.४७ × ०.८ = ४६१९ वॅट. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर शाफ्टवर ३६९५ वॅट मिळाले. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ४.९५ एचपी. पंप पूर्ण काम करतो आहे.

हीच मोटर ४१५ व्होल्टवर सुमारे ८.१ अँपिअर घेते. ३५२ वर ९.५ का? कारण पाणी तेवढंच उचलायचं आहे. व्होल्ट कमी मिळाले की मोटर अँपिअर वाढवून काम पुरं करते. वाइंडिंगमधली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते: ८.१ वरून ९.५ म्हणजे करंट १७ टक्के जास्त, उष्णता ३७ टक्के जास्त. ३२० व्होल्टवर करंट साडेदहाच्या घरात जातो आणि उष्णता ६८ टक्के वाढते. स्टार्टर पडतो तो यासाठी. अशा वेळी ओव्हरलोड रिलेचा (जास्त करंट गेला की स्टार्टर पाडणाऱ्या भागाचा) काटा पुढे सरकवणं म्हणजे राखणदाराला झोपवणं. साध्या डायरेक्ट स्टार्टरवर रिले प्लेटवरच्या करंटवर ठेवा. स्टार-डेल्टामध्ये (मोटर दोन टप्प्यांत सुरू करणाऱ्या स्टार्टरमध्ये) रिले सहसा वाइंडिंगच्या वाटेत असतो, तिथे प्लेटवरच्या आकड्याच्या ०.५८ पट.

करंट एकाएकी कमी झाला, म्हणजे ८ वरून ६ वर आला, तर खूश होऊ नका. उन्हाळ्यात वरूड, मोर्शी, काटोलकडच्या संत्रा पट्ट्यातल्या खोल बोअरमध्ये पाणी उतरलं की पंप हवा ओढतो आणि करंट खाली येतो. सबमर्सिबलला थंड करणारं पाणीच नसल्याने कमी करंटवरही ती जळते.

तीन फेजचे करंट सारखे नसतील तर सरासरीपासून सर्वांत दूरचा आकडा घ्या. इथे ९.८, फरक ०.३३, म्हणजे साडेतीन टक्के. पाच टक्क्यांपर्यंत चालतं. त्याहून जास्त असेल तर लाइन बंद करून मोटरकडच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा: पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या, तिसरी पहिलीच्या. फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा मोजा. जास्त करंट लाइनच्या त्याच फेजवर राहिला तर दोष लाइनमध्ये आहे. वायरीबरोबर सरकला तर मोटर किंवा केबलमध्ये आहे. दोन मिनिटांच्या या तपासणीमुळे बोअरमधून विनाकारण पाइप काढण्याचा खर्च वाचतो.

केबल: पैसे इथेच जातात

सबमर्सिबलच्या लवचिक तांब्याच्या केबलचा एका कोअरचा रोध, २० अंश तापमानाला, दर किलोमीटरमागे जास्तीत जास्त एवढा असतो: २.५ चौ. मिमी ला ७.९८ ओहम, ४ ला ४.९५, ६ ला ३.३०, १० ला १.९१.

७०० फूट खोल बोअर म्हणजे २१३ मीटर. मोटर तळाच्या जवळ आणि बोअरपासून स्टार्टर ८७ मीटरवर धुऱ्याजवळ. एकूण ३०० मीटर. थ्री-फेजमध्ये व्होल्टेजची घट म्हणजे १.७३२ × अँपिअर × एका कोअरचा रोध × पॉवर फॅक्टर, आणि वाया जाणारे वॅट म्हणजे ३ × अँपिअर × अँपिअर × एका कोअरचा रोध. ८.१ अँपिअरवर:

२.५ चौ. मिमी: रोध २.३९ ओहम, घट २७ व्होल्ट, वाया ४७१ वॅट.
४ चौ. मिमी: रोध १.४९ ओहम, घट १७ व्होल्ट, वाया २९२ वॅट.
६ चौ. मिमी: रोध ०.९९ ओहम, घट ११ व्होल्ट, वाया १९५ वॅट.

स्टार्टरवर ४१५ असेल तर २.५ ची केबलही निभून जाते. पण स्टार्टरवरच ३६० असेल तर करंट वाढतो, त्यामुळे घट वाढते, त्यामुळे मोटरला आणखी कमी मिळतं आणि करंट पुन्हा वाढतो. २.५ च्या केबलवर मोटरपर्यंत ३३० सुद्धा पोचत नाहीत. ज्या भागात व्होल्टेज पडतंच, तिथे जाड केबल ही चैन नाही. माझ्या मते ३०० मीटरला ६ च्या खाली जाऊच नये.

मे महिन्यात उघड्यावरची काळी केबल उन्हात ६० अंशांपर्यंत तापते असं धरा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ४० अंशांना जवळजवळ १६ टक्के. बोअरबाहेरची केबल पाइपात घालून जमिनीत गाडली तर हेही वाचतं आणि नांगराचा फाळही लागत नाही. ॲल्युमिनियमची केबल घेणार असाल तर त्याच रोधासाठी सुमारे १.६ पट चौ. मिमी लागतात: १० चौ. मिमी ॲल्युमिनियमचा रोध ३.०८ ओहम प्रति किलोमीटर, म्हणजे तांब्याच्या ६ च्या जवळ.

सैल जोड पकडणं

लोड चालू असताना मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एका फेजच्या फ्यूजच्या किंवा कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या चुंबकावर चालणाऱ्या स्विचच्या) येणाऱ्या आणि जाणाऱ्या टोकांवर टेकवा. फेज एकच, म्हणून आकडा शून्याच्या जवळ, ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत हवा. समजा ३ आला आणि करंट ८.१ आहे. ३ ÷ ८.१ = ०.३७ ओहम, ३ × ८.१ = २४ वॅट. बोटाएवढ्या जागेत २४ वॅट म्हणजे तिथे सोल्डरिंगची इस्त्री लावून ठेवल्यासारखं आहे. बॅकेलाइट काळं पडतं, स्क्रू आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो, शेवटी फेज तुटतो आणि मोटर दोन फेजवर जळते. ॲल्युमिनियमची तार स्क्रूखाली दबत जाते आणि तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, म्हणून ओलिताच्या हंगामाआधी लाइन बंद करून तिचे स्क्रू आवळाच. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना पीळ घालून टेप लावू नका. दोन्हींसाठी बनवलेला लग (तारेच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) दाबून बसवा.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लहान रोध मोजणं

दोन-तीन ओहमचा रोध मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर नीट कळत नाही. मीटरच्या वायरींचाच रोध ०.३ च्या आसपास असतो, तो दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघून वजा करावा लागतो. तीन वाइंडिंगमधला बारीक फरक बघायचा असेल तर पुन्हा व्होल्ट आणि अँपिअरकडेच यावं लागतं.

लागणारं सामान: १२ व्होल्टची बॅटरी, हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब, दोन मल्टिमीटर. आधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मोटरच्या तिन्ही वायरी स्टार्टरमधून सोडा. बॅटरीच्या धन टोकापासून बल्ब, पुढे १० अँपिअर डीसीवर ठेवलेला मीटर, पुढे मोटरची एक वायर, दुसरी वायर परत बॅटरीच्या ऋण टोकाला. बल्ब करंटला आवर घालतो. साधा टाँग टेस्टर डीसी मोजत नाही, म्हणून इथे मल्टिमीटरच हवा. दुसरा मीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोटरच्या दोन वायरींच्या उघड्या तांब्यावरच टेकवा, बॅटरीच्या क्लिपवर नको. क्लिपचा रोध मग हिशेबात येत नाही.

समजा अगदी छोट्या केबलच्या मोटरवर ३.१ अँपिअर आणि ६.८ व्होल्ट आले. ६.८ ÷ ३.१ = २.१९ ओहम. अशा तिन्ही जोड्या मोजा. १० अँपिअरच्या रेंजवर मीटर जास्त वेळ ठेवू नका, दहा-पंधरा सेकंदांत आकडा घेऊन सोडा. वायर सोडण्याआधी व्होल्टचा मीटर बाजूला करा, कारण वाइंडिंग तोडताना क्षणभर मोठं व्होल्टेज उसळतं. लांब केबलच्या सबमर्सिबलवर आलेला रोध वाइंडिंग आणि दोन कोअर मिळून असतो. ३०० मीटर ४ च्या केबलचे दोन कोअर म्हणजे २.९७ ओहम, ते वजा करा. तिन्ही जोड्यांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर वाइंडिंगचे वेढे आपसात शॉर्ट आहेत किंवा केबलचा जोड गेला आहे.

विहिरीवरच्या मोनोब्लॉकला (मोटर आणि पंप एकाच अंगात असलेल्या पंपाला) याच रीतीने वाइंडिंगचं तापमानही काढता येतं. थंड असताना, ३० अंशांवर, २.२० ओहम होता. दोन तास चालवून बंद केल्याबरोबर २.७५ आला. २.७५ ÷ २.२० = १.२५. आता १.२५ × (२३४.५ + ३०) − २३४.५ = ९६ अंश. बी वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १३० अंश आहे, म्हणजे ही मोटर सुखरूप आहे. मात्र वेळ लावू नका, मोटर निवत जाते तसा आकडा खाली येतो.

कपॅसिटर लावल्यावर आकडा का बदलतो

पॉवर फॅक्टर सुधारायला ५ एचपीला २ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर लावतात. तो स्टार्टरपाशी लावला की डीपीकडून येणारा करंट ८.१ वरून ६.८ च्या आसपास येतो, आणि डीपीपासून स्टार्टरपर्यंतची घट कमी झाल्याने व्होल्टेज थोडं सुधारतं. पण स्टार्टरपासून मोटरपर्यंतच्या केबलमध्ये करंट जवळपास तेवढाच राहतो. म्हणून मोजताना टाँग टेस्टर कपॅसिटरच्या अलीकडे लावला की पलीकडे, ते आकड्यासोबत वहीत लिहा. रिले ज्या बाजूला आहे तिथलाच करंट रिले सेट करताना धरायचा.